एका दिवसाचं आग्रा आणि लपक्यांच्या (तिथल्या दलालांच्या) हातून सुटका

आग्र्याहून आलेल्या कुणालाही विचारा, दिवस कुठे गेला? ताजमहाल दोन तास, किल्ला धावतपळत पाऊण तास, आणि उरलेला वेळ एक संगमरवराचा 'कारखाना', एक चामड्याचं शोरूम, एक पेठ्याचं दुकान आणि ड्रायव्हरने सुचवलेलं महागडं जेवण. खासगी गाडी आणि खासगी गाईड घेऊनही हेच होतं, उलट जरा जास्तच होतं. ग्रुप टूरमध्ये निदान वेळापत्रक असतं. खासगी सहलीत ते तुम्हीच करायचं असतं, आणि तुम्ही केलं नाही तर ड्रायव्हर करतो.

हा लेख पहिल्यांदा आग्र्याला जाणाऱ्या, हाताशी एकच दिवस असलेल्या मराठी माणसांसाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगतो: मी किल्ल्याला ताजपेक्षा कमी वेळ द्यायला सांगणार नाही. का, ते पुढे येईल.

## १. आधी वार बघा, मग महिना

ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी लाँग वीकेंडच्या नादात लोक शुक्रवारचं बुकिंग करतात. किल्ला आणि बाकीची स्मारकं शुक्रवारीही उघडी असतात, पण त्यांच्यासाठी एवढ्या लांब येणारे थोडेच. शनिवार-रविवार आणि सलग सुट्ट्या शक्यतो टाळा. मंगळवार ते गुरुवार उत्तम.

महिन्याचं गणित थोडं वेगळं आहे. ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम, हे खरं. पण डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी यांत उत्तरेत असं धुकं पडतं की सूर्योदयाला ताजसमोर उभं राहिलात तर समोर फक्त पांढरा पडदा दिसतो. गाड्याही तासन्‌तास उशिरा धावतात. त्या दिवसांत गेलात तर क्रम उलटा करा: सकाळी किल्ला, दुपारी ऊन पडल्यावर ताज. एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत उन्हाचा तडाखा असतो आणि लाल दगडाच्या फरशा दुपारी अक्षरशः पाय भाजतात. तेव्हा जायचंच असेल तर दहाच्या आत ताज उरकायचा आणि दुपार हॉटेलात काढायची.

शाहजहानच्या उरुसाचे तीन दिवस (हिजरी रजब महिन्याच्या शेवटी) ताजमध्ये प्रवेश फुकट असतो (पहिले दोन दिवस दुपारनंतरच) आणि एरवी बंद असलेल्या तळघरातल्या खऱ्या कबरी बघायला मिळतात. ऐकायला छान वाटतं, पण गर्दी तुफान असते. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर त्या दिवसांच्या वाटेला जाऊ नका.

## २. पोहोचायचं कसं

मुंबईहून पंजाब मेल आणि पुण्याहून झेलम एक्सप्रेस या दोन्ही आग्रा कॅन्टला थांबतात. भुसावळ सुटल्यावर थोड्या वेळाने बुऱ्हाणपूर लागतं, तेव्हा जागे असाल तर खिडकीतून बाहेर बघा. मुमताज १६३१ साली वारली ती याच गावात, आणि तिचं पहिलं दफनही तिथेच, तापीच्या पलीकडे जैनाबादला झालं. ताजमहालाची गोष्ट खानदेशच्या वेशीवर सुरू होते, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात नसतं.

दिल्लीहून यायचं असेल तर हजरत निजामुद्दीनहून सकाळी सुटणारी गतिमान एक्सप्रेस साधारण पावणेदोन तासांत कॅन्टला सोडते. ती शुक्रवारी नसते. नवी दिल्लीहून पहाटे सुटणारी भोपाळ शताब्दी हा दुसरा पर्याय. रस्त्याने यमुना एक्सप्रेसवे आहे, ग्रेटर नोएडा ते आग्रा १६५ किलोमीटर.

माझं मत विचाराल तर आदल्या रात्री आग्र्यात मुक्काम करा. दिल्लीहून सकाळी निघणारा माणूस ताजच्या रांगेत येतो तेव्हा सगळी दिल्ली त्याच्याबरोबर आलेली असते.

## ३. गाडी ठरवणं

स्टेशनबाहेर प्रीपेड बूथ आहे, हॉटेल गाडी देतं, ऑनलाइनही मिळते. कुठूनही घ्या, पण दर बोलण्याआधी पुढच्या गोष्टी स्पष्ट करून घ्या.

नंबरप्लेट पिवळीच हवी. पांढऱ्या पाटीची 'दोस्ताची गाडी' स्वस्त पडते, पण वाटेत अडवली तर दिवस गेलाच, आणि अपघात झाला तर विम्याचे वांधे. गाडी दिल्लीची असेल तर उत्तर प्रदेशात शिरण्याचा कर, टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता दरात धरलेला आहे का, हे विचारा. शहरातल्या शहरात फिरायला 'आठ तास, ऐंशी किलोमीटर' हे पॅकेज सगळीकडे चालतं. या लेखातल्या फेरीला ते आरामात पुरतं.

आता मुख्य गोष्ट. सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, आणि हिंदीतच लिहा. साधारण असं:

"भैया, सुबह साढ़े पाँच बजे होटल से निकलना है। पहले ताज, पूर्वी गेट। फिर किला, फिर एत्मादुद्दौला और मेहताब बाग। शाम को कैंट स्टेशन। बीच में कोई शोरूम नहीं, कोई फैक्ट्री नहीं। टोल, पार्किंग, आपका खाना सब इसी रेट में है न? लिखकर हाँ भेज दीजिए।"

'शोरूम नहीं' हे वाक्य वाचून काही जण दर वाढवतात. वाढवू द्या. दुकानातून मिळणाऱ्या कमिशनवर त्यांचा आधीचा स्वस्त दर उभा होता, एवढाच त्याचा अर्थ. दुपारचे दोन तास वाचवण्यासाठी ते थोडे पैसे मी आनंदाने देईन.

गाडीच हवी असंही नाही. मार्च २०२४ पासून आग्रा मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला आहे. ताज पूर्व गेटपासून निघून ती ताजमहाल, आग्रा किल्ला करत मनकामेश्वर मंदिरापर्यंत जाते. दोघेच असाल आणि चालायची तयारी असेल तर ताज ते किल्ला मेट्रोने जा आणि नदीपलीकडच्या भागासाठी तेवढी रिक्षा ठरवा.

## ४. गाईड: कार्ड बघा, मग प्रश्न विचारा

गाईड हवा का? ताजला नसला तरी चालतं. किल्ल्यात हवाच, कारण तिथल्या पाट्या त्रोटक आहेत आणि इमारती एकमेकींत गुंतलेल्या.

अधिकृत गाईडकडे पर्यटन खात्याचं किंवा पुरातत्त्व खात्याचं फोटो असलेलं ओळखपत्र असतं. ते गळ्यात दिसलं पाहिजे. 'घरी राहिलं' म्हणाला की नमस्कार करून पुढे चालू लागा. दर एका स्मारकाचा की पूर्ण दिवसाचा, माणशी की सगळ्यांचा मिळून, हे आधी ठरवा. पैसे काम झाल्यावर द्या.

परीक्षा घ्यायची माझी एक पद्धत आहे. सहज विचारायचं, "ते कारागिरांचे हात तोडले होते म्हणतात, खरं का?" हात तोडल्याचा कुठलाही समकालीन पुरावा नाही. नदीपलीकडे काळा ताज बांधायला घेतला होता, हीसुद्धा अशीच दंतकथा. जो गाईड हसून "लोग कहते हैं, साहब" म्हणतो तो घ्यावा. जो डोळे मोठे करून आणखी तिखटमीठ लावतो, तो किल्ल्यात तुम्हाला काय काय ऐकवील याचा भरवसा नाही.

## ५. तिकिटं आणि कागदपत्रं

पुरातत्त्व खात्याची तिकिटं ऑनलाइन मिळतात. आदल्या दिवशीच काढा आणि क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये ठेवा, गेटवर नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. ताजचं तिकीट भारतीयांना ५० रुपये, आणि मुख्य मकबऱ्यात जायचं असेल तर वर २०० रुपये. हे २०० वाचवू नका. ते तिकीट नसेल तर चौथऱ्यावर चढता येत नाही आणि सगळं नक्षीकाम लांबूनच बघावं लागतं. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. तिकिटाची मुदत तीन तासांची असते. दर बदलत असतात, तेव्हा काढण्याआधी एकदा नजर टाका.

परदेशी पासपोर्टवाल्यांना हेच तिकीट ११०० अधिक २०० रुपयांना पडतं. अमेरिकेतली भाची बरोबर असेल आणि तिच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असेल तर ते मूळ कार्ड आणायला सांगा, ओसीआयधारकांना स्मारकांत भारतीयांचाच दर लागू आहे. कार्ड घरी आणि फोटो मोबाइलमध्ये असेल तर खिडकीवर हुज्जत घालत बसावं लागतं.

जवळ काय असावं:

- प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ ओळखपत्र, मुलांच्या वयाचा पुरावा
- तिकिटांचे स्क्रीनशॉट
- एक छोटी पर्स किंवा झोळी, त्यात पाण्याची बाटली आणि औषधं
- सुटे पैसे, दहा-वीसच्या नोटा भरपूर
- सहज काढता येतील अशा चपला
- टोपी, आणि डिसेंबर-जानेवारीत चांगला स्वेटर (मुंबईकरांनो, तुमचं ते पातळ जॅकेट पुरणार नाही)

ताजमध्ये काय नेऊ नये: खाण्याचे पदार्थ, तंबाखू, गुटखा, काडेपेटी, लायटर, चाकू, ट्रायपॉड, चार्जर, मोठी बॅग. पर्समधली सुपारीची डबीसुद्धा तपासणीत बाहेर निघते. बॅग असेल तर गेटजवळच्या अधिकृत क्लोकरूममध्ये ठेवा किंवा गाडीतच राहू द्या.

## ६. ताज: रांग, लपके आणि उजेड

आग्र्यात दलालांना 'लपके' म्हणतात. तुमची गाडी पार्किंगला लागली की ते येतात, आणि कधीकधी त्याआधीच, सिग्नलला खिडकीशी वाकून. त्यांची वाक्यं पाठच करून ठेवा म्हणजे दचकायला होणार नाही. "आज दो घंटे की लाइन है, मैं साइड से करा दूँगा." "ऑनलाइन वाला टिकट अंदर नहीं चलता." "बैटरी गाड़ी बंद है, ताँगा लीजिए." "बैग हमारी दुकान में रख दो, फ्री है." ती बॅग परत घ्यायला गेलात की दुकानातून तासाभराने सुटका होते. एकाही वाक्याला उत्तर देऊ नका. 'नको' हेसुद्धा उत्तरच असतं, त्यावरून बोलणं सुरू होतं. सरळ चालत राहा.

वाहनं ताजपासून काही अंतरावरच थांबवतात. पूर्व गेटसाठी शिल्पग्रामच्या पार्किंगला उतरायचं आणि तिथून बॅटरीची गाडी घ्यायची किंवा दहा-पंधरा मिनिटं चालायचं. आत जायला पूर्व आणि पश्चिम ही दोनच गेटं धरा. दक्षिण दरवाजातून प्रवेश नाही. स्थानिक लोक आणि गर्दी पश्चिमेला जास्त, म्हणून मी पूर्व गेट सांगतो. स्त्री-पुरुषांच्या तपासणीच्या रांगा वेगळ्या असतात, तेव्हा आत कुठे भेटायचं ते आधी ठरवा आणि तिकिटं ज्याची त्याच्याजवळ द्या. स्वच्छतागृह बागेत शिरण्याआधीच उरका.

दार सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतं. पहिल्या अर्ध्या तासात आत असाल तर एक गोष्ट करा: सगळे मुख्य दरवाजातून येऊन संगमरवरी बाकाभोवती फोटोसाठी घोळका करतात, तिथे थांबू नका. बागेच्या कडेने सरळ डावीकडच्या मशिदीकडे जा. मशिदीच्या लाल कमानीतून दिसणारा ताज आणि त्यावर पूर्वेकडून सरकत येणारा उजेड, हे दृश्य त्या वेळी जवळजवळ तुमचं एकट्याचं असतं. फोटो नंतरही निघतो.

मग चौथऱ्यावर चढा. पायातलं काढायचं किंवा त्यावर कापडी कव्हर चढवायची. आता लांबून बघायचं सोडून नाक भिंतीला लागेल इतकं जवळ जा. जडावाच्या एका बोटभर फुलात एकाच पाकळीसाठी लाल दगडाच्या गडद-फिकट छटा निवडून बसवलेल्या दिसतील. बोट फिरवलंत तर सांधा लागत नाही. (फिरवू नका, पहारेकरी ओरडतो.) कमानीभोवतीची काळी अक्षरं सुलेखनकार अमानत खानाची, वर जाताना ती मोठी होत जातात म्हणून खालून सारखीच दिसतात. मकबऱ्यात फोटो काढायला बंदी आहे. आत मुमताजची कबर अगदी मध्यावर आहे आणि शाहजहानची बाजूला. एवढ्या काटेकोर सममितीच्या इमारतीत तीच एक गोष्ट कलती पडली आहे, कारण ती मागाहून आली.

## ७. किल्ला: इथे घाई नको

आता नाश्ता. बेडई (डाळ भरलेली पुरी), बटाट्याची झणझणीत रस्साभाजी आणि जिलबी, हा आग्र्याचा सकाळचा बेत. दहाच्या आत खाऊन घ्या, नंतर बेडई गार मिळते.

किल्ल्यात पर्यटकांना अमरसिंग दरवाजातूनच प्रवेश आहे. बराच भाग लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे दिल्ली दरवाजा बंद असतो. अमरसिंग दरवाजासमोरच शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, आत जाण्याआधी तिथे थांबा.

अकबराने १५६५ साली हा किल्ला बांधायला घेतला. दरवाजातून आत चढण आहे, गुडघे दुखणाऱ्यांना सावकाश न्या. बहुतेक गाईड जहांगिरी महाल, खास महाल, मुसम्मन बुर्ज या क्रमाने झपझप पुढे नेतात आणि बुर्जाजवळून ताजचा फोटो काढून देऊन मोकळे होतात. तुम्ही त्यांना नदीकाठच्या दिवाण-ए-खासपाशी थांबवा आणि दोन तारखा मनात जुळवा.

मुसम्मन बुर्जात शाहजहान १६५८ पासून कैदेत होता. तो जानेवारी १६६६ मध्ये वारला. बाप जिवंत असेतो आग्र्यापासून लांब राहिलेला औरंगजेब त्यानंतर इथे दरबार भरवायला आला. आणि त्याच वर्षी १२ मे रोजी, औरंगजेबाच्या वाढदिवसाच्या दरबारात, मिर्झाराजे जयसिंगाच्या शब्दावर आलेले शिवाजी महाराज त्याच्यासमोर उभे राहिले. बरोबर नऊ वर्षांचे संभाजीराजे. ताज दाखवणारा तो बुर्ज आणि हा दरबार यांत चार पावलांचं अंतर आहे. भेट दिवाण-ए-आममध्ये झाली असं बरेच जण सांगतात. पण आमेरच्या (पुढच्या जयपूरच्या) कारभाऱ्यांच्या समकालीन पत्रांवरून दिसतं ते असं: महाराज पोहोचले तोवर आमदरबार उठला होता आणि जयसिंगाचा मुलगा रामसिंग याने त्यांना दिवाण-ए-खासमध्ये नेलं. जसवंतसिंगाच्या मागच्या रांगेत उभं केल्यावर काय झालं ते आपल्याला शाळेपासून पाठ आहे. इथे उभं राहून, खांब मोजत, ती रांग कुठे असेल असा अंदाज बांधत बसायला अर्धा तास सहज जातो.

कुणी किल्ल्यातली एखादी कोठडी दाखवून "यहीं क़ैद थे" म्हणालं तर विश्वास ठेवू नका. महाराजांचा तळ किल्ल्याबाहेर, रामसिंगाच्या छावणीजवळ होता, आणि १७ ऑगस्टला ते निसटले ते तिथून. ती नेमकी जागा आज कुठली, यावर वाद आहेत.

दिवाण-ए-आमच्या अंगणात मधोमध एक इंग्रजी थडगं दिसेल. ते १८५७ च्या धामधुमीत किल्ल्यात वारलेल्या लेफ्टनंट गव्हर्नर कॉल्विनचं. त्याआधी हा किल्ला काही वर्षं मराठ्यांकडे, महादजी शिंद्यांच्या फौजेकडे होता आणि १८०३ साली इंग्रजांनी तो घेतला, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. शिंद्यांच्या चाकरीतला इथला डच किल्लेदार हेसिंग त्याच साली वारला. त्याची लाल दगडातली छोटी ताजमहालासारखी कबर रोमन कॅथलिक दफनभूमीत आहे. वेळ उरला तर ड्रायव्हरला "भगवान टॉकीज के पास वाला गोरों का क़ब्रिस्तान" सांगा. तिथे तुम्हाला एकही लपका भेटणार नाही.

## ८. दुपारनंतर नदीपलीकडे

एत्मादुद्दौलाची कबर नूरजहानने वडिलांसाठी १६२२ ते १६२८ या काळात बांधली, म्हणजे ताजच्या आधी. ड्रायव्हर तिला 'बेबी ताज' म्हणतात. आकाराने लहान, पण भिंतीची एक बोटभर जागा रिकामी सोडलेली नाही. इथे तासभर पुरे. नंतर मेहताब बाग, ताजच्या बरोबर समोर, नदीच्या या तीरावर. सूर्यास्ताला बाग बंद होते, म्हणून निदान तासभर आधी पोहोचा. यमुनेच्या पुलांवर संध्याकाळी हमखास कोंडी होते, ती वेळ धरूनच निघा.

फतेहपूर सिक्री? ३७ किलोमीटर लांब आहे. जाऊन-येऊन, बघून अर्धा दिवस जातो. एका दिवसात कोंबू नका, मुक्काम वाढवा. दिल्लीला मथुरा रस्त्याने परतणार असाल तर सिकंदऱ्याची अकबराची कबर मात्र वाटेवरच आहे.

## ९. खरेदी करायचीच असेल तर

स्वतःच्या पायांनी जा, कुणी नेलं म्हणून नको. जडावाच्या ताटल्या-डब्यांमध्ये संगमरवराच्या नावाखाली मऊ दगड सर्रास विकतात. मऊ दगडावर नखाने ओरखडा उठतो, संगमरवरावर उठत नाही. दुकानदार ओरखडा काढू देत नसेल तर तेही उत्तरच समजा. मोठी वस्तू 'घरपोच पाठवतो' म्हणाले तर नको म्हणा, हातात मावेल तेवढंच घ्या.

पेठा म्हणजे साखरेत मुरवलेला कोहळा. एकाच नावाच्या पाट्यांची दुकानं ओळीने दिसतील आणि प्रत्येक जण 'असली' असेल. चव घेऊन घ्या. कोरडा पेठा प्रवासात टिकतो, रसाचा आणि केशरी अंगुरी लवकर खराब होतो, तो तिथेच खा.

## १०. परतताना

आग्र्यात स्टेशनं बरीच आहेत: कॅन्ट, फोर्ट, ईदगाह, राजा की मंडी. तिकिटावर कुठलं नाव आहे ते सकाळीच ड्रायव्हरला दाखवा, नुसतं 'स्टेशन' म्हणू नका. सामान दिवसभर कॅन्टच्या क्लोकरूममध्ये ठेवायचं असेल तर प्रत्येक बॅगेला कुलूप हवं, नाहीतर घेत नाहीत. हिवाळ्यात गाडीचं लाइव्ह स्टेटस बघूनच मेहताब बागेतून निघा. गाडी चार तास लेट असेल तर सदर बाजारात जेवून घेणं प्लॅटफॉर्मवर कुडकुडण्यापेक्षा कितीतरी बरं.